आजीची खाणावळीची वही आणि ‘विकला गेलेला’ मतदार

परळकरीण | सोमवार, रात्री १०:४०

२०२४ च्या विधानसभेचा निकाल लागून वर्ष उलटलं, तरी आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर तो विषय शिळा होत नाही. परवा पुन्हा निघाला. “लाडक्या बहिणीच्या महिना पंधराशे रुपयांत विकले गेले हे लोक,” एक जण म्हणाला. त्यावर आपला टॅक्स, फुकट्यांची सवय वगैरे नेहमीची भर पडली. मी काही बोलले नाही. तोंडात घास होता, एवढंच निमित्त. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला हाउसकीपिंगच्या मावशी कुणीतरी सांडलेलं सांबार पुसत होत्या. त्यांनी फडकं पिळलं, बादली उचलली आणि गेल्या.

ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. चिमणी तेवढी राखली आहे, तिच्या पायथ्याशी तीनशे रुपयांची कॉफी मिळते. माझे आजोबा इथून जवळच्याच दुसऱ्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. आधी बदली कामगार, मग कायम. त्यामुळे त्या दिवशी गप्प बसल्याची जरा जास्तच लाज वाटली, आणि घरी येऊन आजीची वही काढली.

वही लाल कापडी पुठ्ठ्याची, खाणावळीची. आजी चौदा जणांना जेवू घालायची. आजोबांच्या खात्यातले, गावाकडचे, एकेका गाळ्यात वीस-वीस जण राहणारे चाकरमानी. तिला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, म्हणून वहीत नावं कमी आणि ओळखी जास्त: ‘सायझिंगवाला’, ‘कणकवलीचा मोठा’, ‘कणकवलीचा धाकटा’, ‘रातपाळी’, ‘मटण नको’. महिना १३० रुपये. पगार झाला की पैसे यायचे, मग पुढे बरोबरची खूण.

१९८२ च्या जानेवारीत चौदाही खुणा आहेत. १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीत नऊ खुणा, मार्चमध्ये चार, आणि पुढे खुणेच्या जागी एकच शब्द, ‘येणे’. मे महिन्यापासून ‘येणे’च्या जागी ‘गावी’ दिसायला लागतं. गणपतीपर्यंत चौदातले पाच उरले. त्या पाचांना ती दिवाळीपर्यंत जेवू घालत राहिली, शिवणयंत्र विकून. शेवटच्या पानावर बेरीज आहे. ती कधी खोडली गेली नाही.

आता ह्या घराने मत कुणाला दिलं ते बघा. आजोबा लपवायचे नाहीत, त्यामुळे यादी मला पाठ आहे. १९५७ आणि १९६७ ला कम्युनिस्ट पक्षाचे कॉम्रेड डांगे. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर १९७० ला परळची पोटनिवडणूक झाली, त्यात शिवसेनेचे वामनराव महाडिक. १९७४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत परत लाल बावटा, रोझा देशपांडे. १९८४ ला संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. १९८९ पासून शिवसेना. आणि जायच्या आधी शेवटचं, २००९ ला शिवडीत, मनसेच्या बाळा नांदगावकरांचं इंजिन.

एका माणसाच्या आयुष्यात एवढ्या उड्या! शहाण्यासुरत्यांनी प्रत्येक उडीला नाव ठेवलं. आधी कम्युनिस्टांच्या नादी लागलेला, मग राड्यात सामील झालेला, मग डॉक्टरच्या मागे आंधळा होऊन गेलेला, मग भावनेवर वाहवलेला. आता विकला गेलेला. नावं बदलली, ठेवणारे साधारण तेच. मला मात्र प्रत्येक उडीमागे कामगाराची आर्थिक चिंता आणि तिचा बरोबर हिशेब दिसतो.

मला कोडं १९८४ चं वाटायचं. संप तोवर धुळीला मिळाला होता. अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही, पण भिवंडीच्या मागांवर कापड निघत होतं, हजारोंना कामावर परत घेतलं नव्हतं, १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. इंदिराबाई गेलेल्या, राजीव गांधींची लाट, देशभर काँग्रेसच काँग्रेस. आणि ज्यांच्या संपात घरं बसली त्या डॉक्टर सामंतांना गिरणगावाने मुंबई दक्षिण मध्यमधून अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. शाळेत असताना मी आजोबांना विचारलं होतं, एवढं नुकसान होऊन परत त्यांनाच का? म्हणाले, “गेटवर दुसरा कोण आला होता?”

तेव्हा कळलं नाही. नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसच्या घरातली. मालकाशी बोलणार ती, करारावर सही करणार ती, आणि कामगाराला ती नकोशी झाली तरी बदलायची वाट जवळपास बंद. पगार-बोनसाच्या जोडीला हा कायदा रद्द करा ही मागणी संपात होती, ती लोक विसरतात. अडीच लाख माणसांना आपल्या वतीने कोण बोलणार हे ठरवायचा अधिकार गिरणीत नव्हता. १९८४ ला पेटीत पडलं ते गिरणीत न मिळालेलं मत, असं माझं म्हणणं आहे.

आणि म्हणून मावशी. अकरा वर्षं त्याच मजल्यावर आहेत, तेवढ्यात तीन कंत्राटदार झाले, दर वेळी नव्याने नोकरी लागल्याचा कागद. पगारवाढ मागायची कुणाकडे? कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणतो कंपनी रेट वाढवत नाही. कुणाच्या पाया न पडता त्यांच्या पदरात पडलेली पहिली वाढ म्हणजे लाडक्या बहिणीचे १,५००. तिला लाच म्हणायचं तर म्हणा. पण ‘विकले गेले’ म्हणणाऱ्याने आधी एवढं सांगावं, की त्यांच्याशी दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या टेबलावर बसून, कधी भाव तरी केला होता का?

तुम्हाला काय वाटतं? (दोन्हीकडच्या आयटी सेलने कृपया स्वतंत्र धागा काढावा.)


चष्मिष्ट | सोमवार, रात्री ११:०५

‘मटण नको’ला थांबले. वही जपा हो, जमलं तर स्कॅन करून ठेवा. बाकी चहा घेऊन बसलेय, पुढचे प्रतिसाद येऊ देत.


आकडेमोड | सोमवार, रात्री ११:३२

लेखन सुंदर, निष्कर्ष हळवा. मी ‘विकले गेले’ म्हणणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझ्या वाट्याचं उत्तर देतो.

२८ जून २०२४ ला घोषणा, जुलैपासून लागू, नोव्हेंबरात मतदान. वर्षाचा खर्च ४६,००० कोटी, हा सरकारचाच आकडा. लोकसभेला आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या, तोवर कुणाला बहिणी आठवल्या नव्हत्या. मग पाच महिन्यांत युती २८८ पैकी २३० च्या पुढे. आघाडीनेही ३,००० ची बोली लावलीच होती, म्हणजे लिलाव चालू आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. ‘रेवडी’ हा शब्द २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी वापरलाय, मी नाही काढला.

तुमच्या आजोबांनी संपात पदरचं घालवलं, त्याला मी तत्त्व म्हणेन. इथे तत्त्व कुठलं? उद्या कुणी उभा राहिला आणि म्हणाला, कंत्राटी पद्धतीचा कायदा बदलतो, मला मत द्या, तर मावशी देतील? पैज लावतो, डिपॉझिट जाईल.


घाटावरचा | मंगळवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे उसाच्या फडावर गेलेल्या बाया मतदानाला गाडी करून परत आणतात. भाडं कोण भरतं ते विचारायचं नसतं. पंधराशे निदान बँकेत येतात, पासबुकावर दिसतात. एवढंच. फडावर निघालो.


परळकरीण | मंगळवार, सकाळी ९:२०

@आकडेमोड, पैज नको, तुम्हीच जिंकाल. डिपॉझिट जाईलच, कारण तसं म्हणणारा निवडून आला तरी कंत्राटदाराच्या दारात तो पाच वर्षांत एकदाही दिसणार नाही हे मावशींना माहीत आहे.

सरकारवर टीका जरूर करा. पैसे कुठून आणणार, रस्त्यांच्या ठेकेदारांची बिलं का थकली, विचारा सगळं. फक्त वाक्याचा कर्ता बघा. ‘सरकारने घाईघाईने पैसे वाटले’ म्हटलं की दोष सरकारचा, ‘लोक विकले गेले’ म्हटलं की मावशींचा. आणि लोकसभेला हेच मतदार तुमच्या गोटात ‘सुजाण’ होते ना? मेमध्ये सुजाण, नोव्हेंबरात बिकाऊ. सहा महिन्यांत एवढी अक्कल जाते कुठे?


लाल_डबा | मंगळवार, दुपारी १:५०

मी त्या संपात होतो. नुकताच लागलेलो, रिंग खात्यात (सूत कातायच्या) बदली. बदली म्हणजे काय ते इथल्या पोरांना कळावं म्हणून लिहितो. रोज पाळीच्या आधी कार्ड घेऊन गेटच्या आत उभं राहायचं. कोण गैरहजर आहे ते बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवणार. बोट आपल्याकडे वळलं तर दिवस भरला, नाही तर कार्ड खिशात घालून परत. महिन्यात दहा-बारा दिवस भरले तर नशीब. संपाला सगळ्यात आधी आम्ही बदलीवाले तयार होतो, आणि सगळ्यात आधी मोडलो तेही आम्हीच.

तर परळकरीणताई, तुमच्या आजोबांना मान देऊन सांगतो, हिशेब हिशेब म्हणून सगळंच पावन करू नका. कृष्णा देसाईंचा खून ५ जून १९७० चा. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या होत्या. विधवेच्या विरोधात गिरणगावाने महाडिकांना निवडून दिलं आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, तरी चाळीतली भांडणं आठवतात. वरच्या मजल्यावरचे दोन सख्खे भाऊ, एकाच गिरणीत, एकाच पाळीला, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. युनियनची पावती दोघांचीही लाल बावट्याची, बरं का.

आणि हिशेब बरोबर होता म्हणता, तर हातात काय आलं? शाखा दारात यायची हे खरं. अँब्युलन्स यायची, दाखला मिळायचा, नळाला पाणी यायचं. गिरणी मात्र शाखेच्या हद्दीत नव्हती. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला त्यात दुरुस्ती झाली, वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे. गिरण्या तर भिंतीला भिंत लावून उभ्या, मोकळी जमीन असणार किती? २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही दुरुस्ती उचलून धरली. मधे २००५ ला कोहिनूर मिल नंबर ३ चा लिलाव झाला, ४२१ कोटी. घेणाऱ्यांत मनोहर जोशींच्या मुलाची आणि राज ठाकऱ्यांची कंपनी. मराठी माणूस गिरणीचा मालक झाला म्हणायचं आणि गप्प बसायचं.

घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज. २०१२ ला पहिली मोठी सोडत निघाली, साडेसात लाखांना घर. आता बदलापूरच्याही पुढची शेलू आणि वांगणी दाखवतात. लालबागच्या माणसाला वांगणी! २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर म्हातारे जमले होते, त्यात मीही होतो. निरनिराळ्या पक्षांचे पुढारी मंचावर येऊन गेले. सगळ्यांना आम्ही कधी ना कधी मत दिलेलं होतं.


चष्मिष्ट | मंगळवार, दुपारी २:०४

शेवटचं वाक्य.


निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

‘गिरणीत न मिळालेलं मत’ हे शब्द आमच्या घराला दोनदा लागू होतात.

माझे पणजोबा वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे, कामाला रिंग खात्यात. साळखात्यात पैसे बरे मिळायचे, पण तिथे आम्हाला घेत नसत. कारण ऐका. मागावर आडवा धागा नेतो तो धोटा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा. आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? म्हणून साळखातं बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला, ही बंदी उठवायची मागणीही घ्या म्हणून. पणजोबा शेवटपर्यंत रिंग खात्यातच राहिले. मागावरचा धागा त्यांच्याच चात्यांवर कातलेला, तो मात्र सगळ्यांना चालायचा.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका संपात खांद्याला खांदा लावून उतरलेही होते, औद्योगिक विवादाच्या काळ्या विधेयकाविरुद्ध. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. पण ‘कामगारांची आर्थिक चिंता’ असं एकदा म्हटलं की सगळ्यांची चिंता एकाच मापाची वाटायला लागते. धागालेखिकेच्या यादीत १९७४ ची पोटनिवडणूक आहे. त्याच जानेवारीत वरळीला आमच्या चाळींत दंगल पेटली होती, आणि दलित पँथरने त्या मतदानावर बहिष्कार टाकला होता. तुमच्या यादीत ती ‘परत लाल बावटा’ आहे, आमच्या यादीत ती रिकामी ओळ आहे.

आणि मदनपुऱ्याचे मोमीन (मुस्लीम) विणकर. १९८२ ला तेही उपाशीच राहिले होते. दहा वर्षांनी, ९२-९३ च्या दंगलीत, ते कुणाला आठवलं? नोकरी गेल्याचा राग शेजाऱ्यावरच का निघाला, ह्याचं उत्तर आजीच्या वहीत सापडणार नाही.


परळकरीण | मंगळवार, रात्री ८:१०

@निळी_शाई, आजोबा साळखात्यात होते हे मी वर अभिमानाने लिहिलंय. धोट्याचं मला माहीत होतं, तरी लिहिताना सुचलं नाही. सुचलं नाही हेच तुम्ही म्हणताय बहुतेक. ९२-९३ बद्दल घरात कुणी बोलत नाही. विचारून बघेन.


सोलापुरी | मंगळवार, रात्री ९:४५

आमच्याकडचं एक सांगतो, आकडेमोडसाहेबांच्या तत्त्वाच्या पैजेला धरून.

अम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात दिल्यावर खराब म्हणून जेवढ्या बाजूला काढतील तेवढ्यांचे पैसे नाहीत, आणि मिळालेल्या पानांत हजार भरले नाहीत तर पानं पदरची आणायची. आडम मास्तरांनी (नरसय्या आडम, माकप, तीन वेळा आमदार) विडी कामगार बायांसाठी कुंभारीला आधी दहा हजार घरं उभी करून घेतली. मग रे नगर, तीस हजारांचं. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान स्वतः येऊन त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा देऊन गेले. एकाच मंचावर लाल बावट्याचे मास्तर आणि मोदी, आख्खं सोलापूर बघत होतं.

मग मेमध्ये लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. म्हणजे घराच्या किल्ल्या देऊनही मत ‘विकत’ मिळालं नाही. आणि नोव्हेंबरात शहर मध्यला मास्तर पडले, भाजपचे देवेंद्र कोठे आले. पुण्याचे मित्र लगेच म्हणाले, बघ तुझी माणसं, घर एकाचं आणि मत दुसऱ्याला.

आता गंमत बघा. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहर मध्यच्या बाहेर. जे तिकडे राहायला गेले आणि ज्यांनी नाव तिकडच्या यादीत लावलं, त्यांना मास्तरांना मत देताच येत नाही. मास्तर नुसते ह्याच्यामुळे पडले असं नाही, त्याआधीही पडलेच होते. पण अम्माला विचारलं तर ती काय म्हणाली? “मास्तर आपलेच की. ते कुठं जातेत? निवडून आले तरी येतेत, पडले तरी येतेत. दुसऱ्याला बघू दे जरा.”

तिच्या मते भरवशाच्या माणसाला मत देऊन ते वाया घालवायचं नसतं. मला हे अजून पूर्ण पचलेलं नाही.


आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:२०

हे मात्र कुठल्याच सर्व्हेत बसणार नाही. अम्मांना नमस्कार.


चाणाक्ष२०२४ | मंगळवार, रात्री १०:३१

सगळे लिब्रांडू एकत्र जमलेत वाटतं.


संपादक | मंगळवार, रात्री १०:५०

लेबलं लावू नयेत. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.


मिशिगनवासी | बुधवार, सकाळी ६:०५

इथे वीस वर्षं मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, त्यामुळे राहवलं नाही.

डेट्रॉईटच्या उत्तरेला मॅकोम्ब काउंटी आहे. मोटार कामगारांचा भाग, बहुतेक गोरे. ओबामांना दोन्ही वेळा मत दिलं, २०१६ ला ट्रम्पला. अख्खं मिशिगन राज्य त्या वर्षी १०,७०४ मतांनी फिरलं. आमच्या पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत राहतात तेवढी माणसं. निवडणुकीच्या दोन महिने आधी हिलरी क्लिंटन ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना एका टोपलीत घालून मोकळ्या झाल्या होत्या. शब्द होता ‘डिप्लोरेबल्स’, म्हणजे अगदी गेलेली, किळस यावी अशी माणसं. नंतर दुसऱ्या निम्म्यांच्या अडचणी समजून घ्या असंही त्या म्हणाल्या, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं? पहिल्या निम्म्यांनी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवला.

निळी_शाई म्हणतात ते इथेही तंतोतंत आहे. टीव्हीवर ‘वर्किंग क्लास’ म्हटलं की गोरा माणूस दाखवतात. डेट्रॉईट शहरातले काळे कामगार त्याच कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांची चिंता कमी नव्हती, पण त्यांनी ट्रम्पला मत दिलं नाही. सगळ्यात कमी कमाईच्या गटात २०१६ ला क्लिंटनच पुढे होत्या. शेवटी ‘आर्थिक चिंता’ हा शब्दच इथे थट्टेचा झाला. कुणी वर्णद्वेषी काही बरळलं की लोक म्हणायचे, हं, आर्थिक चिंता बरं का.

तुमच्या आजोबांचं १९८४ वाचून मला ओहायोतलं यंग्सटाउन आठवलं. जुलै २०१७ ला ट्रम्प तिथे सभेत सांगून गेले, घरं विकू नका, नोकऱ्या परत येतायत. जवळच लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सचा मोठा कारखाना. मार्च २०१९ ला तिथली शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद. तरी २०२० ला यंग्सटाउनच्या महोनिंग काउंटीने ट्रम्पलाच मत दिलं. १९७२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला. तुलना ओढूताणून नको, सामंत गेटवर उभे राहिले होते, हे विमानातून उतरले आणि परत गेले. पण आमच्या लाइनवरचा एक सुपरवायझर जे म्हणाला ते तुमच्या आजोबांच्याच जातीचं होतं. “त्याने निदान आमच्या गावाचं नाव तरी घेतलं.”

अवांतर: आमच्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत डॉक्टर-इंजिनियर मंडळी ‘हे अडाणी गोरे’ ह्या विषयावर रंगात आली होती. दहा मिनिटांनी त्याच रांगेत व्हिसाचं काय होणार, मुलाचं ग्रीन कार्ड कधी येणार ह्याच्या काळज्या सुरू. आपली ती चिंता, त्यांचा तो अडाणीपणा. मीही रांगेत होतोच, हातात ताट घेऊन.


आकडेमोड | बुधवार, सकाळी ११:४०

ठीक आहे. ‘विकले गेले’ हा शब्द मागे घेतो, योजनेवरचा आक्षेप नाही. पण धागालेखिकेला एक विचारायचं राहिलं. मावशींच्या वतीने तुम्ही, मी, लाल_डबा, सगळे बोललो. त्यांना कुणी विचारलं का?


परळकरीण | गुरुवार, रात्री ९:५५

@आकडेमोड, लागलं. म्हणून आज विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत गेले तर मावशीच मोबाईल घेऊन उभ्या होत्या. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी करायचंय, ओटीपी येत नाही, बघा ना जरा ताई. राहतात दिव्याला. फॉर्म मागच्या वर्षी शाखेत भरला होता. कुठल्या शाखेत विचारलं तर म्हणाल्या, मशालवाल्यांच्या. म्हणजे फॉर्म विरोधातल्या उद्धव सेनेने भरून दिला, पैसे सरकारने टाकले. त्यांना ह्यात काही विशेष वाटत नव्हतं. घराजवळ तीच शाखा होती.

मग मत कुणाला दिलंत?

“ते नाही सांगायचं असतं.” आणि हसल्या.

पंधराशेचं काय करता, हे मी विचारलं नाही. माझ्या पगाराचं काय करते हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही.

अडचण अशी की ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागतात. वडील नाहीत, आणि नवरा बारा वर्षांपूर्वी निघून गेलाय, जिवंत आहे की नाही माहीत नाही. त्याच्या आधारचा ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जाणार, तो मोबाईल कुठे असेल देव जाणे. “मेला असता तर दाखला तरी जोडला असता,” म्हणाल्या. मी दोनदा सगळं भरून पाहिलं. त्यांचा स्वतःचा ओटीपीसुद्धा येईना, पॅन्ट्रीत रेंजच नाही. मी म्हटलं, बाहेर खिडकीपाशी जाऊ, तिथे चांगली येते.

खिडकीपाशी ते आमचं जेवणाचं टेबल. मंडळी बसलेली होती, परवाचीच.

मावशींनी तिकडे एकदा पाहिलं. “तिथे नको ताई,” म्हणाल्या, आणि आम्ही जिन्यात गेलो.